पर्क, टॉपकॉन की एचजेटी: सोलापूरच्या गच्चीवर कोणतं सोलर पॅनल बसवावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: सोलापुरात आई-वडिलांचं दोन मजली घर आहे, महिन्याला साधारण ३०० युनिट वीज लागते आणि पीएम सूर्यघर या केंद्राच्या अनुदान योजनेतून गच्चीवर ३ किलोवॉटचा सौर संच बसवायचा आहे. तीन ठिकाणांहून दरपत्रकं आली आहेत. पहिल्यात ५४० वॉटची मोनो पर्क पॅनलं आहेत, दुसऱ्यात ५८० वॉटची टॉपकॉन, तिसऱ्यात एचजेटी. (ही पॅनलमधल्या वीज बनवणाऱ्या सिलिकॉनच्या तुकड्यांच्या, म्हणजे सेलच्या, प्रकारांची नावं. मोनो म्हणजे एकाच स्फटिकाचं सिलिकॉन, पॉली म्हणजे अनेक स्फटिकांचं.) तिघेही म्हणतात की आमचंच पॅनल जास्त युनिट देतं. त्यात नात्यातल्या एकांनी सांगितलंय की सोलापूरसारख्या उन्हाच्या गावात जुनी निळी पॉलीच बरी. मग घ्यायचं काय?

छतावरचे संच उभारणं आणि नंतर वर्षानुवर्षं त्यांची देखभाल करणं हे माझं रोजचं काम आहे. माझं मत आधीच सांगतो: टॉपकॉन घ्या. पर्क आणि टॉपकॉनच्या दरात फार मोठी तफावत असेल तर पर्क घेतल्यानेही काही बिघडणार नाही. एचजेटी तुमच्या घराला लागत नाही. पॉलीचा विषय सोडून द्या. मात्र पॅनलच्या जातीने जेवढा फरक पडतो, त्याहून मोठा फरक सावली, धूळ आणि बसवणाऱ्याचं काम यांनी पडतो. तुमच्या तिन्ही दरपत्रकांत याबद्दल एक ओळ नाही, म्हणून हे उत्तर जरा लांबणार आहे.

सुरुवात कार्यक्षमतेपासून करू, कारण सगळा गोंधळ तिथून सुरू होतो. पॅनलवर लिहिलेला ५४० किंवा ५८० वॉटचा आकडा प्रयोगशाळेतल्या ठरावीक स्थितीतला असतो: चौरस मीटरला १,००० वॉट प्रकाश आणि सेलचं तापमान २५ अंश. या स्थितीत ३ किलोवॉट पॉली आणि ३ किलोवॉट एचजेटी अगदी सारखीच वीज देतात. कार्यक्षमता २१ टक्के की २३ टक्के, यावर एवढंच ठरतं की ते ३ किलोवॉट किती जागेत मावतील. जुन्या १७ टक्क्यांच्या पॉलीला सुमारे १९० चौरस फूट लागायचे. २१ टक्क्यांच्या पर्कला १५५ च्या आसपास पुरतात, साडेबावीस टक्क्यांच्या टॉपकॉनला १४३ आणि २३ टक्क्यांच्या एचजेटीला १४०. हा नुसत्या पॅनलचा आकार झाला, मधून फिरायची जागा वेगळी. तुमची गच्ची मोकळी आहे, तेव्हा दहा-बारा फुटांच्या बचतीसाठी जादा पैसे मोजण्यात अर्थ नाही. पुण्या-मुंबईत सोसायटीच्या गच्चीत वाटणी होऊन जेमतेम तुकडा हाती येतो, तिथे मात्र हेच दहा फूट मोलाचे ठरतात.

सोलापूरला खरी कसोटी उष्णतेची आहे. मे महिन्यात हवा ४२ अंशांवर असते तेव्हा काचेखालचा सेल ६५ ते ७० अंशांपर्यंत तापतो. सिलिकॉन तापलं की व्होल्टेज घसरतं. २५ अंशांच्या वर प्रत्येक अंशाला पॉली सुमारे ०.४० टक्के शक्ती गमावतं, पर्क ०.३५, टॉपकॉन ०.३० आणि एचजेटी ०.२५ च्या जवळपास. सेल ६५ अंशांवर असताना, म्हणजे ४० अंश वर, पॉलीचे १६ टक्के गेले, पर्कचे १४, टॉपकॉनचे १२ आणि एचजेटीचे १०. याचा अर्थ उन्हाच्या गावात पॉली चांगली हा समज पूर्ण उलटा आहे. तो पसरण्याचं कारण मला कळतं. दहा वर्षांपूर्वी आपल्याकडे बहुतेक संच पॉलीचेच होते, मोनो महाग असायचं आणि विक्रेत्यांना ठेवलेला माल खपवण्यासाठी काहीतरी सांगावं लागायचं. आज तर पॉलीचा पर्यायच उरलेला नाही. केंद्राच्या मान्यताप्राप्त मॉडेलांच्या यादीत, म्हणजे एएलएमएममध्ये, घरगुती छतासाठी किमान १९.५ टक्के कार्यक्षमतेची अट २०२३ साली आली. नेहमीचं पॉली तिथपर्यंत पोचत नाही.

दुसरा फरक झिजेचा, आणि टॉपकॉनच्या बाजूने माझं सगळ्यात मोठं कारण तेच आहे. पर्कचा सेल बहुतांशी पी प्रकारच्या सिलिकॉनचा असतो (सिलिकॉनमध्ये काय मिसळलंय त्यावरून पी आणि एन असे दोन प्रकार). पहिल्यांदा ऊन लागल्यावर त्याची शक्ती थोडी उतरते, म्हणून पहिल्या वर्षाची घट २ टक्क्यांपर्यंत आणि पुढे दरवर्षी ०.५५ टक्के अशी हमी लिहितात. टॉपकॉन आणि एचजेटी एन प्रकारचे. तिथे पहिल्या वर्षी १ टक्का आणि पुढे ०.४ टक्के हे नेहमीचे आकडे. २५ वर्षांनंतर पर्क सुमारे ८५ टक्क्यांवर असतं, टॉपकॉन ८९ च्या वर. हे हमीपत्रातले आकडे आहेत, प्रत्यक्षात थोडं इकडेतिकडे होतंच. आणखी एक लक्षात ठेवा. पर्क ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठात मार्टिन ग्रीन यांच्या गटाने १९८० च्या दशकात विकसित केलं. टॉपकॉन जर्मनीच्या फ्राउनहोफर संस्थेने २०१३ साली मांडलं. म्हणजे टॉपकॉनचा उघड्या छतावरचा अनुभव अजून २५ वर्षांचा नाही आणि कागदावरचा आकडा हा अंदाज आहे. एचजेटीची मूळ कल्पना त्याहून जुनी, जपानच्या सान्यो कंपनीने १९९० च्या दशकातच असे सेल विकायला काढले होते.

आता हे सगळं रुपयांत आणू. सोलापूरला १ किलोवॉटमागे वर्षाला १,४५० ते १,५०० युनिट धरायला हरकत नाही, म्हणजे तुमच्या ३ किलोवॉटला साधारण ४,४००. वर्षभरातला ढगाळ, थंड, कडक असा सगळा काळ मिळून वीज बनताना सेलचं सरासरी तापमान ५० अंश धरू. पर्क आणि टॉपकॉनमध्ये अंशामागे ०.०५ टक्क्याचा फरक, वर २५ अंश, म्हणजे सव्वा टक्का. झिजेतला फरक पहिल्या वर्षी १ टक्का, पंचविसाव्या वर्षी साडेचारच्या पुढे, सरासरी पावणेतीन. दोन्ही मिळून ४ टक्के, म्हणजे वर्षाला १७५ युनिट. वाचलेल्या युनिटला १० रुपये धरले तर वर्षाचे पावणेदोन हजार. टॉपकॉनच्या दरपत्रकात आठ-दहा हजार जास्त असतील तर पाच-सहा वर्षांत वसूल होतात. तीस हजार जास्त सांगत असतील तर पर्क घेऊन उरलेले पैसे चांगल्या स्ट्रक्चरवर, म्हणजे पॅनल पेलणाऱ्या सांगाड्यावर, घाला.

हेच गणित एचजेटीला लावा. झीज टॉपकॉनइतकीच, उष्णतेत पुन्हा सव्वा टक्का फायदा, म्हणजे वर्षाला ५५ युनिट, साडेपाचशे रुपये. त्यासाठी किती जादा द्यायचे ते तुम्हीच ठरवा. एचजेटी तांत्रिकदृष्ट्या देखणा सेल आहे. मागच्या बाजूनेही तो सगळ्यांत चांगली वीज देतो. पण त्यात चांदी जास्त लागते, ओल आत गेलेली त्याला सोसत नाही आणि भारतात तो बनवणारे मोजकेच. दहा वर्षांनी एक पॅनल फुटलं तर त्याच मापाचं, त्याच करंटचं दुसरं मिळेल का, हा प्रश्न मी ग्राहकाच्या वतीने नेहमी विचारतो.

बॅक कॉन्टॅक्ट नावाचा आणखी एक प्रकार आहे, समोर एकही तार दिसत नाही असा काळाभोर. दिसायला सुंदर, कामाला उत्तम, महाग. सिलिकॉनऐवजी कॅडमियम टेल्युराइडचा पातळ थर असलेली थिन फिल्म पॅनलं मोठ्या सौर प्रकल्पांत लागतात. ती बनवणाऱ्या फर्स्ट सोलर या अमेरिकी कंपनीचा कारखाना तामिळनाडूत आहेही, पण घरगुती बाजारात हा माल येत नाही. वाकणारी, चिकटवायची पॅनलं गच्चीवर लावू नका. त्यांच्या मागे हवा खेळत नाही आणि वरचं प्लॅस्टिक आपल्या उन्हात लवकर पिवळं पडतं.

टॉपकॉन म्हटलं म्हणजे सगळं टॉपकॉन सारखं नसतं. या सेलच्या पुढच्या बाजूची धातूची रेघ ओल आणि आम्ल यांना नाजूक असते. सेल आणि काच यांच्यामध्ये जो पारदर्शक थर असतो तो नुसता ईव्हीए या प्लॅस्टिकचा असेल आणि मागे काचेऐवजी प्लॅस्टिकची शीट असेल, तर वर्षानुवर्षं ओल शिरून त्या ईव्हीएतून ॲसिटिक आम्ल सुटतं आणि रेघ खाल्ली जाते. म्हणून टॉपकॉन घेताना दोन्ही बाजूंनी काच आणि आत पीओई (असं आम्ल न सोडणारं दुसरं प्लॅस्टिक) किंवा ईपीई (ईव्हीएच्या दोन थरांमध्ये पीओई) असलेलंच मागा. सोलापूर कोरडं आहे, तिथे हा धोका कमी. रत्नागिरी, मालवण, गोवा या पट्ट्यात मी यावर अडून बसतो आणि खाऱ्या हवेच्या चाचणीचं, आयईसी ६१७०१ चं, प्रमाणपत्रही मागतो.

दोन काचांची दुसरी बाजूही सांगायला हवी. एकाच काचेच्या पॅनलमध्ये ३.२ मिलिमीटरची टफन केलेली काच असते. दोन काचांच्या पॅनलमध्ये प्रत्येकी २ मिलिमीटरची, आणि ती सहसा पूर्ण टफन केलेली नसते. पॅनल सव्वादोन मीटर लांब, वजन ३२ किलोच्या आसपास. क्लॅम्प वाकडा आवळला, फ्रेमला चुकीच्या जागी आधार दिला किंवा स्ट्रक्चरलाच पीळ असला, की मागची काच महिन्या-दोन महिन्यांनी आपोआप तडकलेली सापडते आणि कंपनी म्हणते, बसवण्यात चूक आहे. गारांचीही काळजी आहे. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली मराठवाडा-सोलापूर पट्ट्यातली गारपीट तुमच्या वडिलांना नक्की आठवत असेल. प्रमाणपत्रासाठीची चाचणी २५ मिलिमीटरच्या बर्फाच्या गोळ्याने, सेकंदाला २३ मीटर वेगाने होते. त्याहून मोठी गार पडली तर कुठल्याच पॅनलची खात्री देता येत नाही. त्यामुळे विमा काढा. घराच्या विम्यात संच जोडून घेता येतो का, ते एजंटला विचारा.

आता बायफेशियल, म्हणजे दोन्ही बाजूंनी वीज देणारं पॅनल. दरपत्रकात 'मागून २५ टक्के जास्त' असं लिहिलेलं मी पाहतो. तेवढं घराच्या गच्चीवर मिळत नाही. पॅनल स्लॅबपासून फूट-दीड फुटावर असेल आणि स्लॅब काळवंडलेला असेल तर दोन-तीन टक्के मिळाले तरी भरपूर. स्ट्रक्चर सात-आठ फूट उंच आणि खाली पांढरा वॉटरप्रूफिंगचा थर असेल तर फायदा दिसण्याइतका होतो. पर्कची मागची बाजू पुढच्याच्या ७० टक्के जोराची असते, टॉपकॉनची ८०, एचजेटीची ८५ ते ९०. उंच स्ट्रक्चरचा मला आवडणारा फायदा वेगळाच आहे. खाली गच्ची वापरात राहते, पापड-कुरडया वाळत घालता येतात, आणि पॅनलच्या मागून वारा खेळतो. मागून हवा मोकळी असलेलं पर्क हे पत्र्याला चिकटवलेल्या टॉपकॉनपेक्षा थंड राहतं. पण उंच स्ट्रक्चर म्हणजे वाऱ्याचा जोर. वळवाच्या वावटळीत पूर्ण सांगाडा उपटून शेजारच्या गच्चीवर गेलेला मी पाहिला आहे. हॉट डिप गॅल्व्हनाइज केलेले पाइप, स्टेनलेस स्टीलचे नटबोल्ट आणि कॉलमवर घेतलेला पक्का पाया एवढं तरी हवंच. वीटकामाच्या कठड्यात खुंट्या ठोकून भागवू देऊ नका.

सावलीबद्दल नीट बघा, कारण एका चुकीच्या सावलीत टॉपकॉनचा सगळा फायदा बुडतो. सहा पॅनलं एका माळेत जोडलेली असतात आणि प्रत्येकात तीन बायपास डायोड, म्हणजे सावलीतला भाग वगळून करंटला वाट देणारे सुटे भाग. आजकाल बहुतेक पॅनलं हाफकट असतात, म्हणजे सेल अर्धे कापून वरचा भाग आणि खालचा भाग समांतर जोडलेला. पॅनल उभं लावलं आणि सावली फक्त खालच्या काठावर आली तर वरचा अर्धा भाग काम करत राहतो. हा फायदा पर्क, टॉपकॉन, एचजेटी तिघांनाही सारखाच आहे, त्यामुळे 'आमचं पॅनल सावलीतही चालतं' हे जातीचं कौतुक नव्हे.

तुमच्या गच्चीवर जिन्याची खोली आणि पाण्याची टाकी असणारच. डिसेंबरच्या शेवटी सोलापूरला भर दुपारी सूर्य साधारण ४९ अंशांवर असतो. आठ फूट उंच जिन्याची सावली तेव्हा उत्तरेला ७ फूट पडते, आणि सकाळी साडेनऊच्या सुमारास ती वायव्येला १४ फुटांपर्यंत जाते. म्हणून पॅनलं जिन्याच्या दक्षिणेला, दक्षिणेकडे १५ ते १८ अंश उतार देऊन लावा. मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून जुलैच्या शेवटापर्यंत दुपारचा सूर्य तुमच्या डोक्यावरून उत्तरेला जातो आणि तेव्हा सावल्या थोड्या दक्षिणेला पडतात, पण त्या आखूड असतात. टाकी हलवायचा खर्च पॅनलची जात बदलण्यापेक्षा बहुधा कमीच येतो. सावली टाळताच येत नसेल तर प्रत्येक पॅनल स्वतंत्रपणे चालवणाऱ्या ऑप्टिमायझर किंवा मायक्रोइन्व्हर्टरचा विचार करा, पण आधी टाकी हलवा.

अनुदानाचं गणित पॅनलच्या निवडीला थेट बांधलेलं आहे. सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. पहिल्या २ किलोवॉटला प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्याला १८,०००, म्हणजे ३ किलोवॉटला ७८,००० रुपये. त्यासाठी पॅनल डीसीआर लागतं, म्हणजे आतला सेलही भारतात बनलेला हवा. नुसतं भारतात जुळवलेलं पॅनल चालत नाही. आपल्याकडे सेलचे कारखाने आधी पर्कचे उभे राहिले, टॉपकॉनचे नंतर. त्यामुळे बिनडीसीआर टॉपकॉन स्वस्त दिसतं, डीसीआर टॉपकॉन बरंच महाग, आणि दरपत्रकात हा शब्दच गाळलेला असतो. तिघांनाही लेखी विचारा. पॅनल दारात आल्यावर बसवण्याआधी प्रत्येकाचा सीरियल नंबर उतरवून घ्या आणि राष्ट्रीय सौर ऊर्जा संस्थेच्या डीसीआर पोर्टलवर तपासा. एकदा वर चढलं की मागचं लेबल दिसत नाही. कराचाही हिशेब पाहा. २२ सप्टेंबर २०२५ पासून पॅनलवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला आहे. संच आणि बसवणी एकत्र विकताना ७० टक्के माल, ३० टक्के सेवा अशी विभागणी होऊन एकूण कर ८.९ टक्के बसतो. जुना १३.८ टक्के लावलेलं दरपत्रक असेल तर दुरुस्त करून घ्या.

इन्व्हर्टरकडे, म्हणजे पॅनलच्या डीसी विजेचं घरात चालणाऱ्या एसीत रूपांतर करणाऱ्या यंत्राकडे, लोक बघतच नाहीत. जुन्या ३३५ वॉटच्या पॉलीचा करंट ९ अँपिअरच्या आसपास असायचा. आजच्या ५४०-५८० वॉटच्या पॅनलचा १३ च्या पुढे जातो, आणि बायफेशियलला मागून प्रकाश मिळाला की आणखी वर. कपाटात राहिलेला, साडेबारा अँपिअरचा इन्व्हर्टर कोणी गळ्यात मारला तर दुपारची वीज तो कापून टाकेल आणि तुम्हाला वाटेल पॅनल खराब निघालं. इन्व्हर्टरच्या माहितीपत्रकात कमाल इनपुट करंट १५ अँपिअर किंवा जास्त असल्याची खात्री करा. तुमच्या ज्या नातेवाइकांकडे जुनी पॉली आहे, त्यांनाही एक सांगा. ती चालत असेल तर काढू नका, तिच्यात अजून बरीच वर्षं आहेत. वाढ करायची असेल तर नवीन पॅनलं त्याच माळेत जोडू नका, इन्व्हर्टरच्या वेगळ्या एमपीपीटीवर, म्हणजे स्वतंत्र इनपुटवर, घ्या.

राहिली धूळ. सोलापूर जिल्ह्यात गाळपाचा हंगाम सुरू झाला की कारखान्यांच्या परिसरात चिमणीची काजळी पॅनलवर बसते आणि पाऊस नसल्याने मे संपेपर्यंत जात नाही. महिनाभर न पुसलेल्या पॅनलचं नुकसान पर्क आणि टॉपकॉनमधल्या फरकाच्या दुप्पट सहज होतं. दर आठ-दहा दिवसांनी, सकाळी ऊन चढण्याआधी, मऊ फडक्याच्या लांब दांडीने पुसा. तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नका. बोअरचं पाणी वापरलंत तर क्षारांचा पांढरा थर धरतो आणि तो पुढे निघत नाही, तेव्हा नळाचं किंवा साठवलेलं पावसाचं पाणी घ्या. पॅनलवर पाय देऊन चढायचं नाही, हे बसवायला आलेल्या मुलांनाही बजावा. काच फुटत नाही, पण आतल्या सेलला केसाएवढी चीर पडते आणि ती दोन-तीन वर्षांनी युनिटमध्ये दिसते. वडिलांना जिना चढणं जड जात असेल तर गच्चीवर नळ आणि खालून पोचणारी दांडी एवढी सोय स्ट्रक्चरच्या आराखड्यातच घालून घ्या.

काम देताना ऑर्डरवर हे लिहून घ्या: पॅनलचं पूर्ण मॉडेल नाव, डीसीआर असल्याचा उल्लेख, दोन काचा आणि आतल्या थराचा प्रकार, उत्पादनाची हमी किती वर्षं (१२ तर हवीतच, १५ मिळाली तर उत्तम), स्ट्रक्चरच्या पाइपची जाडी, आणि पैशांचा शेवटचा हप्ता महावितरणचा नेट मीटर (घेतलेली आणि परत दिलेली वीज दोन्ही मोजणारा) बसून संच सुरू झाल्यावर. कामगिरीची २५-३० वर्षांची हमी ठळक छापतात, पण घट मोजून सिद्ध करायला प्रयोगशाळा लागते, म्हणून मी उत्पादनाच्या हमीकडे आधी पाहतो. तिघांपैकी गच्चीवर येऊन सावली मोजली कोणी, हेही कळवा. तुमच्या दरपत्रकांवरून तरी कोणीच मोजलेली दिसत नाही. जो येऊन मोजेल आणि डीसीआर टॉपकॉनचा लेखी दर देईल, त्याच्याशी पुढचं बोला.